सुमलकातला सातवा दगड

तीन वर्षांपूर्वी एकवीस मार्चला सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी घाटकोपर पूर्वेच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर गॅसची शेगडी पेटली. शेगडीवर केटररकडून आणलेली मोठी लोखंडी कढई होती. कढईत सरकीचं तेल होतं. काडी ओढली ती चौथ्या मजल्यावरच्या दिलफुझा परबने. तिचं माहेर उझबेकिस्तानातल्या मर्गिलान गावचं. संध्याकाळी सातच्या आत तिला सुमलक नावाचा पदार्थ पूर्ण करायचा होता. तो बिघडला असता तर त्या वर्षी दुसरी संधी नव्हती, आणि ते वर्ष शेवटचं होतं.

सुमलक म्हणजे मोड आलेल्या गव्हाचा रस, थोडं तेल आणि थोडं पीठ. हे दिवसभर ढवळत आटवतात. साखर किंवा गूळ घालत नाहीत, दूधही नाही. पांढरा रस हळूहळू करडा होतो, मग तांबूस, आणि शेवटी काकवीच्या रंगावर येतो. गोडी गव्हाच्या मोडातून येते. मर्गिलानला हे वसंताच्या पहिल्या दिवसासाठी करतात, म्हणजे नवरूझसाठी. रात्र आणि दिवस समान होतात तो हा दिवस. तिथे आदल्या संध्याकाळी कढई चढते, गल्लीतल्या बायका पाळीपाळीने ढवळतात, गातात, डफ वाजवतात आणि पहाटे कढई उतरते. आमच्या सोसायटीत गच्चीला रात्री कुलूप लागतं. त्यामुळे इथे सुमलक दिवसा झालं, मार्चच्या उन्हात, डफाशिवाय.

मुंबईला वसंत नसतो, असं वर्तमानपत्राच्या डेस्कवर गृहीत धरलेलं आहे. तरीही दरवर्षी या सुमाराला पूर्व द्रुतगती महामार्गाकडेच्या गुलाबी फुलांचा फोटो पानावर येतो. विक्रोळीपासून घाटकोपरपर्यंत ती झाडं आधी पानं झाडून टाकतात आणि मग एकदम फुलतात. मी त्या फोटोच्या ओळी निदान बारा वेळा लिहिल्या असतील. दिलफुझाने लग्नानंतर पहिल्यांदा ती झाडं पाहिली तेव्हा रिक्षा थांबवायला लावली होती. तिला ती जरदाळूची झाडं वाटली. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, हायवेवर थांबवता येत नाही." नवऱ्याने, नीलेशने, तिला सांगितलं की ही झाडं फक्त शोभेची आहेत, यांना खायचं काही लागत नाही. 

पुढे तिची मराठी सुधारली तेव्हा तिने माझ्या आईला विचारलं होतं, "काकू, तुमच्याकडे बहार कधी येते?"

"आमच्याकडे परीक्षा येते," आई म्हणाली. "ती संपली की कुरडया."

आईचं उत्तर वस्तुस्थितीला धरून होतं. आमच्या इमारतीत मार्च ओळखायचा तो अशा गोष्टींवरून. जिन्यात कोणीतरी मोठ्याने पाठांतर करत असतं. गच्चीच्या फरशीत होळीचा गुलाबी डाग राहिलेला असतो. मागच्या पिंपळाला तांबडी, चकचकीत पानं येतात आणि दोन आठवड्यांत हिरवी होतात. कोकीळ पहाटे साडेचारला सुरू होतो आणि पहिल्या मजल्यावरचे शहाभाई त्याला शिव्या घालतात. शहाभाई आमचे सेक्रेटरी. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते.

दिलफुझाच्या आठवणीतला वसंत वेगळा आहे. तो तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितलेला आहे, बहुतेक वेळा भाजी निवडताना. डोंगरातला बर्फ वितळला की गल्लीतल्या पाटाला पाणी येतं, आणि त्या पाण्याचा आवाज ऐकून लोक गाद्या उन्हात टाकतात. जरदाळू पानांच्या आधी फुलतो. शेताच्या बांधावर उगवलेला पहिला पाला खुडून समोशात भरतात. तिच्या लहानपणी एप्रिलमध्ये घरातली एक खोली रेशमाच्या किड्यांना दिलेली असे. रात्रंदिवस ते तुतीची पानं खात आणि तो आवाज बाजूच्या खोलीत ऐकू येई. "पावसासारखा?" मी विचारलं होतं. "नाही," ती म्हणाली, "किड्यांसारखा."

नीलेश एका औषध कंपनीच्या कामासाठी ताश्कंदला चार वर्षं होता. ती तिथे हिशेबनीस होती. लग्न तिकडेच नोंदवलं गेलं, नंतर इथे एका हॉलमध्ये स्वागत समारंभ झाला. नीलेशची आई, म्हणजे परबकाकू, मूळच्या मालवणजवळच्या. त्यांचे यजमान परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब घाटकोपरला आलं. परबकाकूंनी सुनेला पहिल्या वर्षी सोलकढी शिकवली आणि सुनेने त्यांना पुलाव. दोघींची भांडणं होतात. त्या एकमेकींशी भांडताना दारं बंद करत नाहीत, त्यामुळे हे इमारतीतल्या सर्वांना माहीत आहे.

शेवटचं वर्ष का, ते आता सांगायला हवं. दिलफुझाला मुलगी झाली ती आठ आठवडे आधी, मार्चच्या सुरुवातीला. मूल काचेच्या पेटीत होतं. डॉक्टर दर सकाळी एकच वाक्य बोलत होते, की आजचा दिवस बघू. मर्गिलानला दिलफुझाच्या आईला, सालिमाबाईंना, फोनवरून एवढंच कळत होतं. त्याच महिन्यात नवरूझ आला. सालिमाबाई कढईजवळ उभ्या राहून म्हणाल्या की ही पोर जगली तर सात वसंत मी माझ्या अंगणात सुमलक करीन आणि गल्लीला वाटीन. चूल आपल्या रक्ताच्या हाताने पेटेल, आणि मी स्वतः त्यातलं खाईन. पोर जगली. तिचं नाव बहार ठेवलं. मर्गिलानच्या बोलीत आणि आपल्याकडेही त्याचा अर्थ लावायला कोणाला अडचण येत नाही.

परबकाकूंनीही त्याच दिवसांत गावच्या देवीला नवस बोलला होता. तो त्यांनी पहिल्याच मे महिन्यात ओटी भरून फेडला. विहीणबाईंचा सात वर्षांचा आहे हे कळल्यावर त्यांनी सुनेला विचारलं होतं, "तुझ्या आवशीक येवडो लांबचो कित्याक बोलाक व्हयो होतो?" पण दरवर्षी मार्च लागला की त्याच विचारायच्या, "तिचां यंदाचां झालां?"

सहा वर्षं झालं. महासाथीच्या वर्षी गल्लीतलं कोणी येऊ शकत नव्हतं, तेव्हा सालिमाबाईंनी छोट्या पातेल्यात एकटीने ढवळलं. सातव्या वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटी, त्या अंगणातल्या बर्फावरून घसरल्या आणि उजवा हात मोडला. मुलगा आणि सून कामासाठी रशियात होते. शेजारणी ढवळायला तयार होत्या, पण चूल रक्ताच्या हाताने पेटायला हवी होती. त्या हातांपैकी मोकळे असलेले दोन घाटकोपरला होते.

सालिमाबाईंनी फोनवर सांगितलं, "तू कर. अंगण कुठलं ते देव बघेल."

गहू पहिल्यांदा भिजला तेरा मार्चला. दिलफुझाने तो आईच्या पद्धतीने केला. धुतला, भिजवला, लाकडी ताटात पातळ पसरला, वर ओलं फडकं टाकलं आणि ताट खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलं. मर्गिलानच्या मार्चमध्ये मोडांना सहा-सात दिवस लागतात. मोड पांढरे हवेत, सुईएवढे. हिरवे झाले की रस कडू होतो. घाटकोपरच्या मार्चमध्ये चौथ्या दिवशी दुपारी मोडांची टोकं हिरवी होती आणि फडक्याखालून आंबट वास येत होता. शहाभाईंच्या पत्नीने खालून वर बघत विचारलं, "आज कांजूरच्या डम्पिंगची हवा आलीये का?"

दिलफुझाने व्हिडिओ कॉल लावून आईला ताट दाखवलं. सालिमाबाईंनी चष्मा लावला, बघितलं आणि एक शब्द उच्चारला. त्याचं भाषांतर दिलफुझाने केलं नाही. परबकाकूंना ते समजलं असावं. त्यांनी ताट उचललं आणि मोड गच्चीवर चिमण्यांना घातले. चिमण्या आल्या नाहीत, कबुतरं आली.

एकवीस तारखेला पाच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी परबकाकू आमच्याकडे आल्या. "तुम्ही नाशकाकडची माणसां. गव्हाचां तुमकाच म्हायती."

माझ्या आईने साठ वर्षं कुरडयांचा गहू भिजवला आहे. तीन दिवस, रोज पाणी बदलून, मग वाटून चीक काढायचा. तिने पहिला प्रश्न विचारला की गहू कुठला घेतला. मॉलमधला पाकीटबंद गहू होता. "पॉलिश मारलेला," आई म्हणाली. "तो फुगतो आणि नासतो. लोकवन आण, पावडर न लावलेला. आणि ग्रिलमध्ये कशाला ठेवतेस गं? न्हाणीघरात ठेव, पाण्याच्या पिंपाशेजारी, अंधारात. दुपारी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात."

"फ्रिजमध्ये बहार येते, काकू?" दिलफुझाने विचारलं.

"तुमचा तो बर्फ इथे फ्रिजमध्येच असतो ना?"

दुसरा गहू सतराला पहाटे भिजला. तीन किलो. वीस तारखेला संध्याकाळी मोड पांढरे होते, मुळं एकमेकांत अशी गुंतली होती की ताटातून सगळं चटईसारखं उचललं गेलं. ते मिक्सरमधून वाटून, गाळून, तीन वेगवेगळ्या भांड्यांत तीन वेळचा रस काढला. आईने पहिल्या भांड्यात बोट बुडवून चाटलं. "हा तर चीक," ती म्हणाली. तिचा आवाज किंचित निराश होता. इतक्या लांबून आलेला पदार्थ काही निराळा असेल अशी तिची अपेक्षा असावी.

सरकीचं तेल शहाभाईंच्या घरून आलं. मर्गिलानला तेच वापरतात आणि आमच्या इमारतीत ते फक्त गुजराती घरांत असतं. गच्चीच्या परवानगीसाठी नीलेशने अर्ज दिला होता. कारणाच्या रकान्यात त्याने धार्मिक कार्यक्रम लिहिलं. शहाभाईंनी विचारलं, "कौनसा धर्म?" नीलेश म्हणाला, "नवस आहे." शहाभाईंनी सही केली आणि खाली लिहिलं, सात वाजेपर्यंत.

एकवीसच्या पहाटे अवकाळी सर येऊन गेली. गच्ची ओली होती. त्या महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू होतं. अर्धी फरशी उखडलेली होती आणि टाकीशेजारी खडीचा ढीग पडला होता. शेगडी टाकीच्या आडोशाला लावली. माझा साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता, म्हणून मला साडेआठ ते दहा ही पाळी मिळाली.

ढवळणं म्हणजे लांब दांड्याचं लाकडी उलथणं कढईच्या तळाला टेकवून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत राहणं. थांबायचं नाही. तळाला धरलं की करपट वास पूर्ण कढईत उतरतो आणि मग काही करता येत नाही. यासाठी कढईत दगड टाकतात. नदीतले, गुळगुळीत, सात. ते तळाशी घरंगळत राहतात आणि रस धरू देत नाहीत. नंतर वाटप होतं तेव्हा ज्याच्या वाटीत दगड येईल त्याने मनात एक इच्छा धरायची, असाही रिवाज आहे. दिलफुझाचे सात दगड मर्गिलानच्या ओढ्यातले. आईने लग्नात दिलेले. ताश्कंदच्या विमानतळावर तिची बॅग उघडून अधिकाऱ्याने ते बघितले होते आणि काही न विचारता परत ठेवले होते. एरवी ते तिच्या कपाटात स्टीलच्या डब्यात असतात. करडे, फिकट, लिंबाएवढे. साडेनऊला रस दाट झाला तेव्हा तिने ते एकेक करून सोडले. त्यानंतर उलथणं फिरलं की कढईतून खळखळ असा आवाज यायचा. तासाभरात कानाला त्याची इतकी सवय झाली की तो ऐकू येईनासा झाला.

दगड टाकले तेव्हा माझी आई गच्चीवर नव्हती. तिची पूजा आणि स्वयंपाक आटोपून ती बाराला वर आली. तिला दगडांचं कोणी सांगितलं नव्हतं.

साडेबाराला दिलफुझा बहारला शाळेच्या बसवरून आणायला फाटकाशी गेली. परबकाकू भात लावायला खाली उतरल्या. मी पाणी आणायला गेले. जवळपास वीस मिनिटं गच्चीवर आई एकटी होती. त्या वीस मिनिटांचा तपशील तिने स्वतः सांगितलेला आहे आणि त्याला दुसरा साक्षीदार नाही. उलथण्याला काहीतरी कडक लागलं. तिने वर उचलून बघितलं तर दगड. तिने शेजारचा झारा घेतला आणि तो काढला. मग दुसरा लागला. "एवढा चांगला लोकवन आणि खडे बघ केवढाले," असं ती मनाशी म्हणाल्याचं तिला आठवतं. सातही दगड तिने मोजून काढले आणि, कढईत परत पडू नयेत म्हणून, मागे न बघता खडीच्या ढिगावर फेकले. ढवळणं तिने थांबवलं नव्हतं. हे तिने नंतर अनेकदा सांगितलं.

बारा पन्नासला दिलफुझा गच्चीच्या दारात आली आणि जागीच उभी राहिली.

"आवाज कुठे गेला?"

"कसला आवाज?" आई म्हणाली. "ये, बघ किती खडे होते. सगळे काढले मी."

दिलफुझाने आधी कढईत बघितलं, मग खडीच्या ढिगाकडे.  तिने बहारचं दप्तर खाली ठेवलं आणि आईला म्हणाली, "काकू, ते माझ्या आईचे होते."

आईचा हात थांबला. "थांबू नका!" दिलफुझा म्हणाली. आईने पुन्हा ढवळायला सुरुवात केली.

मी आणि परबकाकू वर आलो तेव्हा दिलफुझा आणि बहार ढिगात बसल्या होत्या. परबकाकूंनी आईच्या हातून उलथणं घेतलं. "गे बाय, तुमका दगडच कसे दिसतत?"

"साठ वर्षं गहू निवडतेय," आई म्हणाली. "खडा लागला की हात आपोआप जातो. मला सांगायला नको का कोणी?"

"तां खरां. सांगूक व्हयां होतां." परबकाकूंनी सुनेकडे बघून आवाज चढवला, "कोणी कोणाक काय सांगता काय ह्या घरात?"

फोडलेली खडी कोनांची असते, नदीतला दगड गोल असतो. त्यामुळे शोधणं अशक्य नव्हतं. पण ढीग मोठा होता, वरून ओला होता आणि ओला दगड सगळा सारखाच दिसतो. बहारने युक्ती काढली. डोळे मिटून हात फिरवायचा, टोचणार नाही तो आपला. एक वाजून दहा मिनिटांपर्यंत तिने चार काढले. दोन दिलफुझाने काढले. आई गुडघे दुखत असूनही खाली बसली आणि तिला एकही मिळाला नाही.

सव्वाला कढईतून पहिला जळका वास आला. अगदी पुसट. परबकाकू म्हणाल्या, "दिलू, धरूक लागलां." दिलफुझाने सहा दगड धुऊन कढईत सोडले. खळखळ परत आली, पण आधीपेक्षा कमी. गॅस बारीक केला. सातवा सापडेना. दीड वाजला. दिलफुझाने नखांनी ढीग उकरला, तिचं एक नख तुटलं. आता ती रडत होती, पण हात थांबले नव्हते. सहा चालतील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सात वर्षं, सात दगड. आई मोजणार. ती दरवर्षी मोजते."

परबकाकूंनी उलथणं माझ्या हातात दिलं आणि खाली गेल्या. चौथ्या मजल्यावर उतरून आणि पुन्हा चढून त्या आठ मिनिटांत परत आल्या. लिफ्ट त्या वापरत नाहीत. हातात तांदळाची भुकटी लागलेला एक काळा दगड होता, बाकीच्यांपेक्षा थोडा लहान.

तो त्यांच्या तांदळाच्या डब्यातला. गावच्या घरच्या गणपतीचं व्हाळात, म्हणजे ओढ्यात, विसर्जन केलं की व्हाळातला एक खडा घरी आणायचा आणि तांदळात ठेवायचा, अशी त्यांच्याकडे रीत आहे. डबा रिकामा होत नाही म्हणतात. तो खडा त्यांच्या यजमानांनी शेवटच्या गणपतीला आणलेला होता. त्यानंतर ते गेले. डब्यातला खडा परबकाकूंनी बदलला नव्हता.

"मम्मी, हा नको," दिलफुझा म्हणाली. "हा बाबांचा."

"दगड असा. व्हाळातलो असा. तुझ्या आवशीचो पण व्हाळातलोच ना?"

दिलफुझा तो हातात धरून उभी राहिली. मग तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. मर्गिलानला तेव्हा आपल्यापेक्षा अर्धा तास कमी होता. सालिमाबाई अंगणात बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला, मागे फुललेला जरदाळू. दिलफुझाने सगळं सांगितलं. माझ्या आईचा उल्लेख आला तेव्हा आईने पदर डोक्यावर घेतला. सालिमाबाईंनी दगड कॅमेऱ्याजवळ आणायला सांगितलं. मग दोन प्रश्न विचारले. दिलफुझाने ते त्याच वेळी आम्हाला सांगितले, म्हणून ते मला ठाऊक आहेत.

"कोणाच्या घरचा?"

"सासूच्या."

"तिने स्वतः दिला?"

"हो."

सालिमाबाई एक वाक्य बोलल्या. दिलफुझाने दगड नळाखाली धुतला आणि कढईत टाकला. तेव्हा एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती. "काय म्हटल्यान?" परबकाकूंनी विचारलं. दिलफुझा म्हणाली, "बोलत काय बसलात, ढवळा, म्हणाली."

दुपारी तीननंतर रंग पालटला. चारपर्यंत वास भाजलेल्या पिठासारखा होता, मग मधासारखा. जळकटपणा गेला होता की आमच्या नाकाला सवय झाली होती, हे सांगता येत नाही. आईने सलग सव्वा तास ढवळलं आणि कोणाला उलथणं दिलं नाही. पाच चाळीसला शेगडी बंद झाली. कढईवर ताट, ताटावर दोन गोधड्या. सात वाजता शहाभाई कुलूप लावायला आले. कढई हलवायची नसते हे कळल्यावर त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली परबकाकूंकडे दिली. तसं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. दोन्ही सण एका दिवसाच्या अंतराने आलेलं ते वर्ष. परबांच्या खिडकीत गुढी उभी राहिली, तिला नेहमीचीच साडी होती. सव्वासातला गच्चीवर गोधड्या काढल्या. सुमलकाच्या वर साय धरल्यासारखा थर होता आणि त्यावर रेघा. मर्गिलानला त्या रेघांत लोक काहीतरी बघतात. आईला हाताचा पंजा दिसला, बहारला इमारतीची लिफ्ट.

इमारतीत वाट्या गेल्या, सोबत कडुनिंब आणि गूळ. शहाभाईंनी चाखून विचारलं, "साखर खरंच नाही टाकली?" आणि दुसरी वाटी मागितली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने तोंड वाकडं केलं. एक दगड शहाभाईंच्या वाटीत निघाला. त्यांनी काय मागितलं ते सांगितलं नाही, पण त्या वर्षी कोकिळाबद्दलची त्यांची तक्रार कायम राहिली. एक बहारला, एक माझ्या आईला. तिने आपला दगड धुऊन, पुसून, दोन्ही हातांनी दिलफुझाला परत दिला. असे सहा मिळाले. सहाही करडे, फिकट. काळा कोणाच्याच वाटीत आला नाही.

एक काम उरलं होतं. सालिमाबाईंनी त्यातलं खायला हवं होतं, नाहीतर सात वर्षं पूर्ण होत नव्हती. दिलफुझाने वाटपाच्या आधीच कढईच्या तळातून एक बरणी भरून बाजूला काढली होती. नीलेशच्या ऑफिसातली एक बाई महिनाअखेरीला ताश्कंदला जाणार होती. तोवर बरणी परबांच्या फ्रिजमध्ये होती, सोलकढीच्या शेजारी. बाईने ती बॅगेत नेली. ताश्कंदहून दिलफुझाच्या मावसभावाने ती मर्गिलानला पोचवली. तेव्हा रोजे चालू होते. सालिमाबाईंनी सूर्य मावळल्यावर रोजा सोडला तो त्या सुमलकाने, डाव्या हाताने. दिलफुझा फोनवर बघत होती. तिसऱ्या चमच्याला काहीतरी वाजलं. सालिमाबाईंनी बरणी तिरकी केली. तळाशी काळा दगड होता.

त्यांनी कोणती इच्छा धरली ते त्यांनी सांगितलं नाही. दगड परत पाठवू का, असं मात्र विचारलं. परबकाकूंनी फोन आपल्याकडे ओढून मराठीत उत्तर दिलं, "ऱ्हवांदे. तांदळात ठेव म्हणावं तिका." दिलफुझाने भाषांतर केलं. सालिमाबाईंनी मान हलवली. त्यांनी खरोखर तसं केलं का, हे तेव्हा इथून कळायला मार्ग नव्हता.

मर्गिलानचा सातवा दगड सापडला नाही. पाडव्यानंतर दोन आठवड्यांनी खडी गच्चीत भरली गेली. गच्ची त्यानंतर गळलेली नाही.

यंदा पाडवा आधी आला, नवरूझ दोन दिवसांनी. महामार्गावर झाडं फुलली, फोटो पानावर गेला, ओळी मी लिहिल्या. नवस संपला असला तरी दिलफुझा सुमलक करते. लोकवन गहू सोळाला भिजला, दुपारी फ्रिजमध्ये. परबकाकूंच्या तांदळाच्या डब्यात आता दुसरा खडा आहे, त्याच व्हाळातला, तो नीलेशने आणला. यंदा माझी आई पहिल्यापासून गच्चीवर होती, खुर्चीत, कढईशेजारी. झारा तिने स्वतःहून दुसरीकडे ठेवला होता. कढईत सात दगड पडले. सातवा बहारने निवडलेला आहे. ती आता दहा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात आईबरोबर मर्गिलानला गेली होती, तेव्हा ओढ्यात उतरून तिने तो डोळे मिटून काढला.

त्याच मुक्कामात तिने आजीच्या स्वयंपाकघरातला पुलावाच्या तांदळाचा डबा उघडला. डबा निळ्या झाकणाचा आहे. तिने कोपरापर्यंत हात घातला. दगड तळाशी होता. तिने तो बाहेर काढून फोटो घेतला, फोटो परबकाकूंच्या फोनवर आला, आणि दगड तिने परत तांदळात ठेवला.